जुन्या बचावपटूंचा स्मृतिभ्रंश : योगायोग, चामड्याचा चेंडू की आणखी काही?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण लिव्हरपूलचे चाहते आहात. सप्टेंबर २०२४ मध्ये रॉन येट्स गेले, तेव्हा तिकडच्या वयस्कर चाहत्यांनी लिहिलेल्या आठवणी आपण वाचल्या आणि वाचता वाचता आपल्या लक्षात आले की, १९६५ चा एफए कप (इंग्लंडमधील जुनी चषक स्पर्धा) जिंकणाऱ्या संघातील गेरी बर्न, टॉमी स्मिथ आणि स्वतः येट्स या तिघांनाही अखेरच्या वर्षांत स्मृतिभ्रंश झाला होता. हा योगायोग आहे का, त्या काळातला चामड्याचा चेंडू याला कारणीभूत आहे का, आणि ज्यांना आपण ‘पोलादी माणसे’ म्हणून डोक्यावर घेतले त्यांच्या आठवणी आता कशा काढाव्यात, हे आपले तीन प्रश्न. चौथी गोष्ट आपण प्रश्न म्हणून विचारलेली नाही, शेवटी दोन ओळींत नुसती नोंदवली आहे : आपले शहात्तर वर्षांचे वडील तरुणपणी कोल्हापुरात तालमीच्या संघाकडून बारा वर्षे स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळले, गेल्या वर्षभरात ते तेच ते पुन्हा विचारू लागले आहेत, आणि पुढच्या महिन्यात तालमीने जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला आहे. माझ्या अनुभवात माणसाला खरे जे विचारायचे असते ते असे शेवटी, जाता जाता येते. म्हणून उत्तराचा बराचसा भाग मी त्या दोन ओळींसाठी राखून ठेवते.

मी वृद्धांच्या मनोविकारांची डॉक्टर आहे आणि इंग्लंडच्या वायव्य भागात पंचवीस वर्षांहून अधिक काळ स्मृतिविकारांचा बाह्यरुग्ण विभाग पाहिला आहे. माझे बालपण शिवाजी पेठेत गेले, त्यामुळे फुटबॉलचा गलका कानांवर होता; पण त्या वेळी मुलींनी मैदानात जाऊन सामना पाहण्याची पद्धत आमच्या घरी नव्हती. खेळ मला समजला तो पुढे रुग्णांकडून, आणि तोही बऱ्याच उशिरा. किती उशिरा, ते सांगते.

२००१ च्या सुमारास एकाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या कागदावर मी स्वतःच्या हाताने लिहिले होते : ‘निवृत्त. पूर्वी पब चालवत. मद्यपान पूर्वी बरेच.’ विस्मरण आणि चिडचिड या दोन्हींचे खापर मी मनातल्या मनात दारूवर फोडले आणि मोकळी झाले. तिसऱ्या भेटीत त्यांच्या पत्नीने पिशवीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. आत वर्तमानपत्रांची पिवळी पडलेली कात्रणे होती. हे गृहस्थ चौदा हंगाम व्यावसायिक फुटबॉल खेळले होते, तेही सेंटर हाफ म्हणून, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक उंच चेंडू डोक्याने परतवणे हेच त्यांचे काम होते. खेळ संपल्यावर पब घेणे ही त्या पिढीच्या खेळाडूंची नेहमीची वाट होती, कारण इंग्लंडमध्ये १९६१ पर्यंत खेळाडूच्या पगाराला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती आणि शिल्लक अशी काही पडत नसे. मी मात्र शेवटचा व्यवसाय तेवढा लिहून घेतला होता. त्याआधीच्या चौदा वर्षांत त्यांनी काय केले, हे विचारलेच नव्हते. त्या दिवशी त्यांना घड्याळ काढायला सांगितले आणि काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर ठेवायला सांगितले, तर बाराही आकडे वर्तुळाच्या उजव्या बाजूला दाटीवाटीने बसले आणि काटे काढायचे राहूनच गेले. त्याच माणसाने पाच मिनिटांनी संघाच्या छायाचित्रावर बोट ठेवून मागच्या रांगेतील सगळी नावे डावीकडून उजवीकडे, न अडखळता सांगितली. तेव्हापासून माझ्याकडे आलेल्या प्रत्येक रुग्णाला मी ‘आयुष्यात काय काय काम केलेत’ हे विचारते आणि मुष्टियुद्ध, रग्बी, फुटबॉल यांची नावे घेऊन विचारते.

पुढच्याच वर्षी जेफ अ‍ॅस्टल यांचे प्रकरण घडले. वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचे हे सेंटर फॉरवर्ड. १९६८ च्या एफए कप अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्धचा एकमेव गोल त्यांचा. हवेतल्या चेंडूवर त्यांची हुकमत होती. १९ जानेवारी २००२ रोजी ते गेले तेव्हा त्यांचे वय अवघे ५९ होते आणि स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला होता. इंग्लंडमध्ये शंकास्पद मृत्यूची चौकशी कॉरोनर करतो (मुंबईतही पूर्वी हे पद होते). अ‍ॅस्टल यांच्या कॉरोनरने त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मृत्यूचे कारण ‘औद्योगिक आजार’ असे नोंदवले. खाणकामगाराच्या फुप्फुसात धूळ साठते, तसा हा कामामुळे झालेला आजार, असा त्याचा अर्थ. २०१४ मध्ये ग्लासगोचे न्यूरोपॅथॉलॉजिस्ट डॉ. विली स्टुअर्ट यांनी त्यांच्या मेंदूची पुन्हा तपासणी केली आणि तो आजार क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, म्हणजे डोक्याला वारंवार बसलेल्या माराने होणारा सीटीई, असल्याचे सांगितले. हा विकार तसा जुना आहे. १९२८ मध्ये मार्टलंड यांनी मुष्टियोद्ध्यांमध्ये त्याचे वर्णन केले होते. फुटबॉलपटूंकडे त्या नजरेने पाहायला मात्र पाऊण शतक गेले.

हे घडते कसे? डोक्यावर चेंडू बसला की कवटीला काही होत नाही. कवडी दह्याच्या भांड्याला हिसका दिला तर भांडे शाबूत राहते आणि दही मोडते, तसा काहीसा हा प्रकार आहे. मेंदू मऊ असतो आणि कवटीच्या आतील द्रवात तरंगत असतो. डोके झटक्याने थांबले किंवा वळले की आतल्या बारीक तंतूंना ताण बसतो आणि पीळ पडतो. एका हेडरने, म्हणजे डोक्याने मारलेल्या एका चेंडूने, शुद्ध जात नाही, चक्करही येत नाही. म्हणूनच त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही. वर्षानुवर्षे असे हजारो हिसके बसले की काही जणांच्या मेंदूत टाऊ नावाचे प्रथिन साचत जाते; सीटीईमध्ये ते घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती विशेषत्वाने सापडते. हा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली, मृत्यूनंतरच पाहता येतो. जिवंत माणसाच्या एमआरआयवर ‘सीटीई’ असे लिहून मिळत नाही. एखादी तपासणी करून तसे ठामपणे सांगण्याचा दावा कोणी केला, तर पैसे खर्च करण्यापूर्वी थांबा.

आता योगायोगाचा प्रश्न. तीन माणसांवरून काहीच सिद्ध होत नाही. ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या कोणत्याही अकरा माणसांत, मग ते शिक्षक असोत की गवंडी, एक-दोघांना स्मृतिभ्रंश असणे हे नेहमीचेच. म्हणून मोठी संख्या लागते, आणि ती स्टुअर्ट यांच्याच गटाने २०१९ मध्ये पुढे आणली. स्कॉटलंडचे ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटू आणि त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच आर्थिक स्तरातील २३,०२८ सामान्य नागरिक यांच्या मृत्यूच्या नोंदी त्यांनी ताडून पाहिल्या. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मृत्यू येण्याची शक्यता खेळाडूंमध्ये सुमारे साडेतीनपट निघाली. अल्झायमरपुरते पाहिले तर पाचपट. २०२१ मध्ये त्याच नोंदी खेळाडूच्या जागेनुसार तपासल्या, तेव्हा बचावपटूंचा धोका सर्वांत जास्त, जवळजवळ पाचपट, दिसला आणि गोलरक्षकांचा मात्र सामान्यांपेक्षा निश्चितपणे जास्त आहे असे म्हणता आले नाही. पंधरा वर्षांहून अधिक कारकीर्द असलेल्यांचा धोकाही पाचपटीच्या आसपास होता. स्वीडनमधील सहा हजारांवर खेळाडूंच्या २०२३ मधील अभ्यासात धोका बराच कमी, म्हणजे दीडपट, निघाला. पण गोलरक्षक तिथेही सुरक्षित होते. मला पटवणारी बाब हीच आहे. गोलरक्षक तोच खेळ खेळतो, त्याच बसने प्रवास करतो, त्याच पबमध्ये बसतो. तो फक्त चेंडू डोक्याने मारत नाही.

आपले तिघे याच चित्रात बसतात. बर्न फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, येट्स सेंटर हाफ, आणि स्मिथ यांच्या पाठीवर त्या सामन्यात १० क्रमांक असला तरी प्रत्यक्षात ते येट्स यांच्या शेजारी बचावातच खेळत होते. म्हणजे आपल्याला जे दिसले ते चुकीचे नव्हते. तरीही मी त्या तिघांपैकी कोणाही एकाविषयी ‘हेडिंगमुळेच झाले’ असे लिहिणार नाही. समूहाचा धोका वाढलेला असणे आणि एका विशिष्ट माणसाच्या आजाराचे कारण ठाऊक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चाहत्यांच्या आठवणींत नेमकी त्यांचीच सरमिसळ होते. शिवाय ‘साडेतीनपट’ हा शब्द कानाला मोठा वाटतो. मूळ आकडे असे आहेत : त्या अभ्यासाच्या काळात खेळाडूंपैकी १.७ टक्के या आजारांनी गेले आणि सामान्यांपैकी ०.५ टक्के. हजारात सतरा आणि हजारात पाच. याच खेळाडूंमध्ये हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी होते आणि सत्तरीपर्यंत तरी ते इतरांपेक्षा कमी संख्येने मरत होते. थोडक्यात, फुटबॉलने हृदय सांभाळले आणि मेंदूची किंमत घेतली; पण ती सर्वांकडून घेतली नाही.

चामड्याच्या चेंडूविषयी माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही. प्रत्येक श्रद्धांजलीखाली कोणीतरी लिहितेच की, ‘तेव्हाचा चेंडू भिजला की दगडासारखा व्हायचा.’ ते खरे आहे. पण सामना सुरू होतानाच्या चेंडूचे वजन १९३७ पासून नियमाने तेच आहे, १४ ते १६ औंस, म्हणजे साधारण ४१० ते ४५० ग्रॅम. आजचा कृत्रिम चेंडू पाणी पीत नाही हे खरे, मात्र तो अधिक वेगाने येतो आणि हिसका केवळ वजनावर ठरत नाही. ग्लासगोच्या नोंदींत १९१० ते १९६९ या काळात जन्मलेले खेळाडू होते, आणि जन्मसालानुसार गट पाडून पाहिले तरी धोक्यात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे नाडीने आवळून बांधलेल्या चामड्याच्या चेंडूचा काळ संपल्यावर खेळू लागलेल्यांनाही सूट मिळालेली नाही. चामड्याला दोष देणे सोयीचे पडते, कारण मग सगळे पाप भूतकाळाच्या माथी मारता येते आणि रविवारी नातवाला हेडिंगचा सराव करायला पाठवता येते. चामड्यापेक्षा मला सरावाची चिंता जास्त वाटते. सामन्यात बचावपटू मोजके हेडर मारतो, सरावात मात्र एकाच सत्रात ढिगाने. म्हणूनच इंग्लंडमध्ये २०२१ पासून व्यावसायिक खेळाडूंना जोरकस हेडर सरावात आठवड्याला दहापेक्षा जास्त मारू नयेत, अशी मार्गदर्शक सूचना आहे आणि प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून हेडिंग २०२० मध्येच काढले गेले.

चेंडूइतकाच, किंबहुना जास्त, विचार दुसऱ्या एका गोष्टीचा व्हायला हवा, आणि ती म्हणजे बदली खेळाडू नसणे. १ मे १९६५ चा तो सामना घ्या. लीड्सविरुद्ध वेम्बलीवर पहिल्या काही मिनिटांतच एका धडकेत गेरी बर्न यांच्या गळपट्टीचे हाड मोडले. प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून ही गोष्ट लपवून ठेवली गेली आणि बर्न हात शरीराशी धरून जादा वेळेसह पूर्ण १२० मिनिटे खेळले. इतकेच नव्हे, तर जादा वेळेत रॉजर हंट यांनी डोक्याने मारलेल्या पहिल्या गोलचा क्रॉस बर्न यांचाच होता. (विजयी गोलही त्यांचे सहकारी सेंट जॉन यांनी डोक्यानेच मारला.) ही कहाणी लिव्हरपूलमध्ये मी असंख्य वेळा ऐकली आहे आणि सांगणाऱ्याचा आवाज दर वेळी भरून येतो. पण ती धैर्याची कहाणी झाली ती नियमामुळे. इंग्लिश लीगमध्ये जखमी खेळाडूऐवजी बदली खेळाडू उतरवण्याची मुभा पहिल्यांदा मिळाली ती त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून, त्या सामन्यानंतर तीन-चार महिन्यांनी. तोवर एक जण बाहेर गेला की संघ दहाचा होई, आणि आपल्या दहा सोबत्यांना तसे सोडून जायला कोणाचे मन धजावत नसे. हाड मोडल्यावर जो माणूस थांबत नाही, तो डोक्याला मार लागून दोन मिनिटे अंधारी आल्यावर थांबेल का? १९५६ च्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचे गोलरक्षक बर्ट ट्राउटमान मोडलेल्या मानेनिशी शेवटची सतरा मिनिटे खेळले. आपल्याकडेही १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचे बचावपटू जर्नैल सिंग डोक्याला टाके असताना फॉरवर्ड म्हणून उतरले आणि अंतिम सामन्यात त्यांनी गोल केला. ट्राउटमान ८९ वर्षे जगले. जकार्ताच्या त्याच अंतिम सामन्यात भारताचा पहिला गोल करणारे पी. के. बॅनर्जी २०२० मध्ये गेले, तेव्हा त्यांना पार्किन्सन आणि स्मृतिभ्रंश असल्याच्या बातम्या होत्या. पहिल्या नावावरून ‘काही होत नाही’ असे म्हणता येत नाही आणि दुसऱ्यावरून ‘असेच होते’ असेही नाही.

मग या माणसांच्या आठवणी कशा काढाव्यात? मी चाहती नाही, पण चाहत्यांच्या आठवणींची टिपणे रुग्णांच्या घरच्यांबरोबर बसून वाचली आहेत, आणि त्यांतल्या एका सवयीने घरचे दुखावतात. कोणीतरी लिहितो, ‘आमचा अमुक आता शुश्रूषागृहातल्या परिचारिकांनाही टॅकल करत असेल!’ लिहिणाऱ्याच्या मनात प्रेमच असते. पण या विकारांत चिडणे, अंगावर धावून जाणे, पत्नीवर संशय घेणे ही लक्षणे पुष्कळांत दिसतात आणि जिच्या दंडावर काळानिळा डाग असतो, ती बाई तो विनोद वाचते. मैदानावरचा राडा आणि आजारातला राग एका माळेत ओवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. टॉमी स्मिथ ‘जन्माला आले नाहीत, खाणीतून काढले गेले’, हे प्रशिक्षक बिल शँक्ली यांच्या नावे सांगितले जाणारे वाक्य जरूर सांगा. येट्स क्लबमध्ये आले, तेव्हा त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालून या असे शँक्ली पत्रकारांना म्हणाले होते, तेही सांगा. त्याबरोबर हेही सांगा की, स्मिथ यांचे सांधे पुढे इतके झिजले की त्यांना अपंगत्वाचा भत्ता मिळत होता, आणि १९९६ मध्ये एफए कप अंतिम सामन्याआधी मदतनिधीसाठी त्यांनी एक पेनल्टी मारली म्हणून तो बंद करण्यात आला. आज माजी व्यावसायिक खेळाडूंमध्ये गुडघ्याची झीज सामान्यांच्या दोन-तीनपट असल्याचे आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा वेदनाशामक इंजेक्शन घेऊन शनिवारी खेळणे ही मर्दानगी समजली जाई.

किंवा इंग्लंडचे नॉबी स्टाइल्स घ्या. बारीक चणीचे, दूरचे न दिसणारे, डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स आणि पुढचे दात नाहीत. १९६६ चा विश्वचषक जिंकल्यावर वेम्बलीवर करंडक हातात घेऊन नाचले, आणि उपांत्य सामन्यात पोर्तुगालच्या युसेबियोला त्यांनी कसे रोखले ते आजही वर्णन करून सांगतात. २०१० मध्ये त्यांची पदके लिलावात निघाली. २०२० मध्ये ते गेल्यावर कुटुंबाने मेंदू तपासणीसाठी दिला आणि सीटीईचे निदान झाले. त्या अंतिम सामन्यातील अकरा जणांपैकी रे विल्सन, मार्टिन पीटर्स, स्टाइल्स, आणि जॅक व बॉबी चार्लटन हे दोघे भाऊ, अशा पाच जणांना स्मृतिभ्रंश झाला. स्टाइल्स यांच्या कुटुंबाला खटकले ते इतकेच की, नाच सर्वांना आठवला आणि शेवटची वर्षे कोणी विचारली नाहीत.

आता आपल्या वडिलांकडे येते. ग्लासगोचे आकडे त्यांना लावू नका. ते आकडे रोज सराव करणाऱ्या पगारी खेळाडूंचे आहेत. नोकरी सांभाळून हंगामापुरते तालमीकडून खेळणाऱ्याच्या डोक्यावर बसलेल्या हिसक्यांची संख्या त्यांच्या जवळपासही जात नाही. बारा वर्षे स्टॉपर, हे डॉक्टरांना सांगायचेच. पण ‘हेडिंगमुळे झाले, आता काय करायचे’ अशी समजूत करून घरी बसण्यात खरा धोका आहे, कारण त्या भरात जे बरे होण्यासारखे असते तेच निसटते. माझ्या त्या सेंटर हाफच्या बाबतीत मी दारूवर थांबले होते. आपण हेडरवर थांबू नका.

शहात्तराव्या वर्षी तेच ते विचारण्याची साधी कारणेही असतात. पहिले म्हणजे ऐकू न येणे : उत्तर कानात शिरलेच नाही, तर माणूस पुन्हा विचारणारच. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (कोल्हापूरकर आहोत, तांबडा-पांढरा रस्सा चालतो, म्हणून ती नसेल असे धरून चालू नका, वयानुसार पोटातून ते नीट शोषले जात नाही), थायरॉइड, वर-खाली होणारी साखर, रक्तदाब, आणि मित्र एकेक करून गेल्यावर येणारे औदासीन्य. सर्दीच्या, झोपेच्या आणि लघवीच्या काही गोळ्याही वृद्धांत विस्मरण आणतात, म्हणून घरातील सगळी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेलीसुद्धा. आणि गेल्या काही महिन्यांत ते कुठे घसरून पडले असतील, भले डोक्याला खोक पडली नसेल, तर ते आवर्जून सांगा. या वयात कवटीच्या आत सावकाश रक्त साचते आणि काही आठवड्यांनी माणूस गोंधळल्यासारखा वागतो. साध्या स्कॅनवर ते दिसते आणि शस्त्रक्रियेने पुष्कळदा सुधारते. अचानक वाढलेला गोंधळ, एका अंगाची कमजोरी किंवा न थांबणारी डोकेदुखी असेल, तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जाताना घरात चोवीस तास बरोबर असणारी व्यक्ती, बहुधा आपल्या आई, सोबत असू द्या, आणि त्यांना वडिलांच्या देखत नव्हे, वेगळे बसवून बोलू द्या. एका कागदावर लिहून न्या : सुरुवात साधारण कधी झाली, हळूहळू वाढले की पायरीपायरीने, पैशांचा हिशेब अजून तेच करतात का, ओळखीच्या रस्त्यावर चुकले का, झोपेत हातपाय झाडतात का. खेळाविषयी तीन गोष्टी पुरेत : किती हंगाम, कोणती जागा, आणि असे किती वेळा झाले की सामना संपला पण नंतर तो आठवेना. ही तिसरी गोष्ट त्यांच्या जुन्या सोबत्यांना विचारावी लागेल, कारण ती त्यांना स्वतःला आठवत नाही हेच तर तिचे लक्षण. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारे चौदा बदलता येण्याजोगे घटक सांगितले आहेत. डोक्याचा मार त्यांपैकी एक, आणि रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, एकटेपणा हेही त्याच यादीत आहेत. मागे मारलेले हेडर परत घेता येणार नाहीत, कानाचे यंत्र उद्या बसवता येते.

राहिला सत्कार. जरूर न्या. स्कॉटलंडमध्ये अल्झायमर स्कॉटलंड ही संस्था आणि हॅम्पडेन पार्कवरील फुटबॉल संग्रहालय मिळून २००९ पासून ‘फुटबॉल मेमरीज’ नावाचा उपक्रम चालवतात. जुनी छायाचित्रे टेबलावर मांडायची, सात-आठ वृद्ध भोवती बसवायचे आणि बोलू द्यायचे. सकाळी काय खाल्ले ते न आठवणारी माणसे तिथे पन्नास वर्षांपूर्वीच्या गोलवरून हिरिरीने भांडताना दिसतात, कारण पंधरा ते तीस या वयातल्या आठवणी मेंदूत खोलवर रुजलेल्या असतात. मात्र एक पथ्य पाळा. ‘ओळखा पाहू हा कोण?’ असे कोणी विचारू नये. ती परीक्षा होते आणि नापास झाल्याचे त्यांना कळते. भेटायला येणाऱ्याने आपले नाव आणि जागा आधी सांगावी : ‘मी अमुक, तुमच्या डाव्या हाताला बॅक खेळायचो.’ बाकीचे ते आपोआप जोडतात. संयोजकांना आधीच सांगून ठेवा की माइक त्यांच्या हातात द्यायचा नाही, भाषण नको, कार्यक्रम शक्यतो सकाळी आणि त्यांचा भाग अर्ध्या तासात आटोपलेला असावा, कारण दिवस कलला की अशा माणसांचा गोंधळ वाढतो. ज्या कानाने बरे ऐकू येते त्या बाजूला आपण बसा, आणि गर्दीतून बाहेर पडायचे दार आधी बघून ठेवा.

छायाचित्र असेल तर मोठे करून न्या, आणि एखादा जुना चेंडू मिळाला तर तो त्यांच्या हातात द्या. त्या डब्यातल्या कात्रणांच्या गृहस्थांना आमच्या विभागातल्या एका परिचारिकेने कुठूनसा नाडीचा चेंडू आणून दिला होता. त्यांनी तो मांडीवर घेतला, अंगठ्याने नाडी चाचपली, ती स्वतःपासून पलीकडच्या बाजूला वळवली, आणि मग आपल्या पत्नीला, तिचे नाव त्या महिन्यात त्यांच्या ओठांवर येत नसताना, समजावून सांगितले की नाडी नेहमी त्या बाजूला ठेवायची, नाहीतर कपाळ फुटते.